मुलाखत देणाऱ्यांच्या नावांची यादी मागू नका

प्रति,
प्राचार्य, संशोधन केंद्रप्रमुख आणि संशोधन सल्लागार समित्यांचे सदस्य,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालये

विषय : 'संवेदनशील' विषयांवरील पीएच.डी. विद्यार्थ्यांकडून मागितलेले हमीपत्र आणि मुलाखतदारांची यादी

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातल्या एका संशोधन केंद्राने या सत्रापासून एक नवा कागद सुरू केला आहे. ज्याच्या विषयात सशस्त्र संघटना, नक्षलवाद, दहशतवाद किंवा बंदी घातलेली संघटना असे शब्द येतात, त्या विद्यार्थ्याने मुद्रांकावर हमीपत्र द्यायचे. कलम एक : क्षेत्रभेटीत जिवाचे बरेवाईट झाले, चौकशी लागली किंवा गुन्हा दाखल झाला, तर जबाबदारी सर्वस्वी विद्यार्थ्याची, खाली आईवडिलांची किंवा जोडीदाराची सही. कलम दोन : मुलाखत देणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक आणि सही किंवा अंगठा असलेली यादी प्रबंधाच्या परिशिष्टात जोडायची, म्हणजे माहितीची पडताळणी करता येईल.

एका केंद्राचा नमुना दुसरे केंद्र फक्त मथळा बदलून वापरते, हे आपल्याकडे नवे नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना, आणि उघड. आम्ही या तीन जिल्ह्यांत हा विषय शिकवणारे, त्याला गाइड म्हणून काम करणारे आणि त्यावर प्रबंध लिहिणारे लोक आहोत. हमीपत्रावर सही आमची पडणार आणि यादीत नावे जाणार ती ज्यांनी आम्हाला घरात घेऊन बोलायचे धाडस केले त्यांची. गप्प बसलो तर दोन्हीला आमची संमती होती असे धरले जाईल.

आधी यादी, कारण मोठा घोळ तिथेच आहे.

केळीच्या पीकविम्यावर किंवा कापसाच्या भावावर सर्वेक्षण करताना उत्तरे देणाऱ्यांची यादी जोडली तर कोणाचे काही बिघडत नाही. गडचिरोलीत शरण आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. भाकप (माओवादी) ही संघटना सप्टेंबर २००४ मध्ये दोन गटांच्या विलीनीकरणातून उभी राहिली आणि जून २००९ मध्ये केंद्राने तिला दहशतवादी संघटना म्हणून बंदीच्या यादीत टाकले. पोलिसांचा खबऱ्या ठरवून गावकऱ्यांना मारण्याचे प्रकार त्या भागात वर्षानुवर्षे झाले. बाहेरच्या माणसाशी तासभर बोलत बसणे एवढेच खबऱ्या ठरायला पुरे होते. दुसरीकडे, ज्याच्यावर जुने गुन्हे प्रलंबित आहेत त्याने एखादी घटना तारीखवार सांगितली, तर तोच कागद उद्या त्याच्याविरुद्ध उभा राहू शकतो. माणूस असा दोन्हीकडून कात्रीत असतो, आणि तुम्ही त्याचा अंगठा मागता आहात.

बरे, ती यादी जाते कुठे? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे पदवी देण्याआधी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे द्यावी लागते आणि प्रबंध शोधगंगा या त्यांच्या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर सर्वांसाठी खुला होतो. परिशिष्टही त्याच फाइलमध्ये असते. म्हणजे कलम दोन पाळले तर शरण आलेल्या माणसाचे गाव आणि मोबाइल क्रमांक जगात कोणीही, कुठूनही, फुकट उतरवून घेऊ शकेल. हा मसुदा लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात आले नसावे, असेच आम्ही धरून चालतो.

परिशिष्ट शोधगंगेवर न टाकता कपाटात कुलूपबंद ठेवू, असे उत्तर येईल. त्या कपाटाची हकिगत जगाने पाहिली आहे. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजने २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या दोन्ही बाजूंच्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. तुम्ही हयात असेपर्यंत ही टेप कोणी ऐकणार नाही, असे वचन दिले होते. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांसाठी अमेरिकेच्या सरकारने समन्स काढले, २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ११ मुलाखती देणे भाग पाडले आणि २०१४ मध्ये बेलफास्टमध्ये अटका झाल्या. संस्था श्रीमंत होती, वकील नामांकित होते, वचन लेखी होते. त्याच देशात १९९३ मध्ये रिक स्कार्स या समाजशास्त्रज्ञाने प्राणिमुक्तीवाल्या एका गुप्त गटाविषयीच्या मुलाखती ग्रँड ज्युरीपुढे उघड करायला नकार दिला आणि १५९ दिवस तुरुंगात काढले.

आपल्याकडे वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे, नवराबायकोच्या बोलण्यालाही आहे. संशोधक आणि मुलाखतदार यांच्यातल्या बोलण्याला नाही. यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, कलम ४३ एफ प्रमाणे तपास अधिकारी कोणाकडूनही माहिती मागू शकतो, आणि ती दडवली तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे तुमच्या छापील संमतिपत्रात 'आपली ओळख पूर्णतः गुप्त ठेवली जाईल' असे जे वाक्य वर्षानुवर्षे चालत आले आहे, ते या विषयापुरते खोटे आहे. जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देऊ नये. हातात आहे ते एवढेच की नाव मुळात लिहूनच घ्यायचे नाही. जे लिहिलेच नाही ते समन्स काढूनही मिळत नाही.

हे कसे करायचे त्याची पद्धत ठरलेली आहे, नवे काही शोधायचे नाही. संमती तोंडी घ्यायची, मुलाखतदाराच्या भाषेत, ठरलेला मजकूर वाचून. विषय काय, कोण छापणार, कायद्यापुढे आमचे काय चालणार नाही, कधीही उठून जाता येईल, हे सगळे त्यात आले पाहिजे. रेकॉर्डर सुरू करण्याआधी बजावायचे : नाव, तारीख, गाव, कोण कोण सोबत होते, यातले काही सांगू नका, चुकून सांगितलेत तर मी थांबवीन. 'तुम्ही गोळी चालवली का' हा प्रश्न विचारायचाच नाही. दलममध्ये, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकडीत, दिवस कसा जायचा, भाकरीभाताची सोय कोण बघायचे, आजारी पडल्यावर काय व्हायचे, घरची आठवण काढायला परवानगी होती का, शरण यायचे मनात कधी आले, असे विचारले तर प्रबंधाला लागणारे जवळजवळ सगळे मिळते. पोलीस वसाहतीत, शिपाई दारात उभा असताना घेतलेल्या मुलाखतीला मोकळी संमती म्हणता येत नाही. ती घेतलीच तर तसे प्रबंधात लिहायचे.

संकेतांक देताना नेहमीची चूक होते. 'भाम-०३-पु-४२' असा क्रमांक दिला की भामरागड तालुका, तिसरा, पुरुष, वय ४२ एवढे उघड झाले, आणि चाळीस घरांच्या गावात तेवढे पुरते. क्रमांक चिठ्ठी उचलल्यासारखा यादृच्छिक असावा, वय दहा वर्षांच्या पट्ट्यात लिहावे, तालुक्याऐवजी 'दक्षिण भाग' म्हणावे. 'माजी सरपंचाचा धाकटा भाऊ, एका पायाने अधू' हे वर्णन म्हणजे नावच. बोलीचीही काळजी घ्यावी लागते. गडचिरोलीकडच्या माडिया बोलीतले वाक्य जसेच्या तसे उद्धृत केले तर जाणकाराला इलाखा कळतो. आपल्याकडेही पावरी किंवा मावची ऐकून माणूस कुठला ते सांगता येते. ध्वनिमुद्रण तर आवाजच. त्याचे लेखन झाले की फाइल पुसायची.

मग पडताळणी कशी, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. खोट्या मुलाखती रचणारे महाभाग असतात, आम्हीही पाहिले आहेत. उपाय असा : फाइल पुसण्याआधी गाइडने दर पाच मुलाखतींमागे एक निवडावी, कुठली ते विद्यार्थ्याला आधी सांगू नये, ध्वनिमुद्रण आणि लेखन शेजारी ठेवून ऐकावे आणि 'संकेतांक अमुक, जुळले' अशी नोंद सही-तारखेसह करावी. ती नोंद परिशिष्टात जाऊ द्या. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकाने रेकॉर्डिंग मागितले तर ती नोंद पुरेशी मानावी, असे केंद्राने आधीच लेखी कळवायचे.

जाता जाता ऋणनिर्देशाच्या पानाचेही सांगतो. आपले विद्यार्थी त्यात सगळ्यांचे आभार मानतात : जीपवाला, दुभाष्या, जेवू घालणारी आशाताई, मुक्काम दिलेले आश्रमशाळेचे गुरुजी. संकेतांकाची सगळी मेहनत त्या एका पानावर वाया जाते. विद्यार्थी परत येतो. दुभाष्या तिथेच राहतो. त्याला रोजचा मेहनताना द्यावा, तो त्याच गावचा नसावा आणि त्याचे नाव कुठेही येऊ नये.

आता हमीपत्राचे पहिले कलम. त्यामुळे केंद्राची जबाबदारी खरेच संपते की नाही हे वकील सांगतील. आम्ही एवढेच सांगतो की अशा प्रकरणात विद्यार्थ्याला वाचवू शकेल असा कागद एकच असतो, संस्थेचा. आणि तुम्ही नेमका तोच नाकारता आहात.

यूएपीए हा मूळ १९६७ चा कायदा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ४३ डी आले : आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते, आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला २०११ चा निकाल फिरवला आणि बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्वही गुन्हा ठरते असे सांगितले. त्याच वर्षी २८ जुलैला, भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या दोघांना जामीन देताना, हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य नुसते जवळ असणे हा त्या कायद्याच्या चौथ्या आणि सहाव्या प्रकरणाखालचा गुन्हा होत नाही, असेही म्हटले. हे दोघे तोवर जवळपास ५ वर्षे आत होते. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेही या विषयाच्या विद्यार्थ्याने शब्दन् शब्द वाचायला हवे. कायद्याची बाजू अशी हेलकावे खाते. विद्यार्थ्याजवळ ते साहित्य का होते, हे पहिल्या दिवशी कागदावर दाखवता आले तर पुढचे महिने वाचू शकतात.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात मे २००८ मध्ये काय झाले ते बघा. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने अल-कायदाची म्हणवली जाणारी एक पुस्तिका अमेरिकेच्या न्याय खात्याच्याच संकेतस्थळावरून घेतली आणि छपाईसाठी विद्यापीठातल्या ओळखीच्या कर्मचाऱ्याला पाठवली. दोघांना दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली, जवळपास आठवडाभर ठेवले, आरोप न ठेवता सोडले. २०११ मध्ये पोलिसांनी त्या विद्यार्थ्याला २०,००० पौंड देऊन दावा मिटवला. सरकारी संकेतस्थळावरची पुस्तिका, अभ्यासाचा विषय, विद्यापीठाचा आवार, तरीही. घोळ झाला तो फाइल दुसऱ्याला पाठवण्यात, आणि ती कशासाठी हवी हे कुठेच नोंदलेले नसण्यात.

तुमच्या केंद्रांत आज विद्यार्थी हे काम स्वतःच्या मोबाइलवर करतात. टेलिग्रामवर 'आपोआप डाउनलोड' आणि गॅलरीत जतन करणे चालू असले, तर चॅनेल उघडले की बंदी घातलेल्या संघटनेचे व्हिडिओ गॅलरीत उतरतात, रात्री वायफाय मिळाले की गुगल फोटोजवर चढू शकतात, आणि घरातला टॅब त्याच खात्यावर असला तर धाकट्या भावाच्या हातात जातात. संपर्कयादीला परवानगी दिली की विद्यार्थी त्या अॅपवर आहे हे ओळखीच्यांना कळते. मग तो त्यातला एखादा व्हिडिओ गाइडला व्हॉट्सअॅप करतो, 'सर, हे वापरू का?' म्हणून. इथे संकलनाचे वितरण झाले.

यासाठी फार काही लागत नाही. केंद्राच्या खोलीत एक वेगळा संगणक, त्याची डिस्क कूटबद्ध, त्यावर कोणाचेही वैयक्तिक ईमेल नाही. वेगळे सिम, केंद्राच्या नावावर. सोबत पाने क्रमांकित केलेले एक जाड रजिस्टर. प्रत्येक फाइलची नोंद : तारीख, वेळ, कुठून मिळाली, कोणत्या प्रकरणासाठी, आणि तिचे हॅश मूल्य. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा : एसएचए-२५६ पद्धतीने काढलेली ६४ अक्षर-अंकांची ओळ, फाइलमध्ये एक टिंब बदलले तरी ती बदलते. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रातही हॅश मूल्य लिहावे लागते, म्हणजे उद्या जप्ती झाली तर तुमचे रजिस्टर आणि त्यांचे प्रमाणपत्र यांचा ताळा घालता येईल. गाइडने आठवड्यातून एकदा रजिस्टरवर सही करावी. विद्यार्थ्याने फक्त बघायचे : खोट्या नावाने गप्पा नाहीत, प्रतिक्रिया नाही, फॉरवर्ड तर कोणालाच नाही, गाइडला दाखवायचे तर पडद्यावर, शेजारी बसवून. पेन ड्राइव्ह बाहेर नेला की ही सगळी व्यवस्था संपली.

तिसरी तक्रार छोटी आहे, पण तातडीची. काही केंद्रांच्या संकेतस्थळावर पीएच.डी. विद्यार्थ्यांची पीडीएफ यादी आहे, तीत फोटो, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांकही आहे. यूजीसी मागते नाव, विषय, मार्गदर्शक आणि नोंदणीची तारीख; पत्ता-फोन कोणी मागितलेला नाही. इस्लामिक स्टेटचा अभ्यास करणारे हिशाम अल-हाशिमी यांना ६ जुलै २०२० रोजी बगदादमध्ये त्यांच्याच घरासमोर गोळ्या घातल्या गेल्या. तुलना टोकाची वाटेल, पण घर सापडणे ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. मुलींच्या बाबतीत तर गोळीची वाट बघायलाच नको. विषय कळल्यावर रात्री-अपरात्री येणारे फोन पुरेसे असतात. ही पीडीएफ आजच्या आज काढता येईल.

क्षेत्रभेटीचे पत्र हा तिढा खरा अवघड आहे, तिथे आम्हीही एकमताचे नाही. पोलिसांना कळवले तर गावात 'हा त्यांचाच माणूस' होतो. नाही कळवले तर नाक्यावर अडवल्यावर सांगायला काही नसते. आमच्यातल्या बहुतेकांचे मत असे : केंद्रप्रमुखांनी जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना विषय, कालावधी आणि विद्यार्थ्याचे नाव एवढेच कळवावे, गावे नाहीत, मुलाखतदार नाहीत, पोहोच विद्यार्थ्याजवळ असावी. त्याने पोलिसांच्या गाडीतून जाऊ नये आणि पोलीस ठाण्यात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी गावात शिरू नये. चौकी, पूल, टॉवर यांचे फोटो काढू नयेत. कॅमेऱ्याचे 'लोकेशन' बंद, नाहीतर प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश जातात. हिवताप तिथे आहेच, पण गोळ्या स्वतःपुरत्याच, चिठ्ठीसह न्याव्यात. सामाजिक बांधिलकी म्हणून पिशवीभर औषधे, बॅटरी सेल आणि बूट नेले तर तो रसदपुरवठा वाटू शकतो. रोज ठरलेल्या दोन वेळांना केंद्रातल्या एका माणसाला निरोप. एक चुकला तर वाट बघायची, लागोपाठ दोन चुकले तर कोणाला फोन करायचा हे आधी कागदावर. जळगावहून नागपूरमार्गे सहाशे किलोमीटरच्या आसपास, गडचिरोलीला गेलेल्या मुलाचा दोन दिवस पत्ता नाही आणि केंद्रात कोणालाच माहीत नाही, ही स्थिती आज आहे.

शिरच्छेदाचे आणि स्फोटांचे व्हिडिओ बघून माणसाचे काय होते, त्यावर तुमच्या कागदात एक ओळ नाही. आवाज बंद, खिडकी लहान, रंग काढून टाकलेले, पाऊण तासाच्या वर एका बैठकीत नाही, जेवणाआधी आणि रात्री तर नाहीच, खोलीत एकट्याने नाही. आधी लेखी वर्णन मिळाले तर व्हिडिओ बघायचीच गरज नाही. झोप उडणे, घरच्यांवर डाफरणे आणि 'मला आता काहीच वाटत नाही' असे सांगणे, यातले शेवटचे सगळ्यात वाईट. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक खोलीत लावायला खर्च नाही.

असले विषय खानदेशात हवेत कशाला, असेही बैठकीत विचारले गेल्याचे कळले. मालेगाव धुळ्याहून पन्नासएक किलोमीटरवर आहे. ८ सप्टेंबर २००६ च्या तिथल्या स्फोटांचा तपास आधी राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस), मग सीबीआयने, मग राष्ट्रीय तपास संस्थेने (एनआयए) केला. पहिल्यांदा पकडलेले लोक एप्रिल २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोट खटल्यातले सगळे आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. पहिल्या आरोपपत्रावर विसंबून २००७ मध्ये कोणी प्रबंध लिहिला असता तर आज त्याचे काय उरले असते? न्यायालयाचे कागद, साक्षी, तारखा शांतपणे लावून बघणारा माणूस इथेच हवा, कारण इथल्या लोकांनी ते भोगले आहे.

आणि मागे जायचे तर १८२५ मध्ये इंग्रजांनी धरणगावला भिल्ल पलटण उभी केली ती कशाला? १८५७-५८ मध्ये भिल्ल पुढारी खाज्या नाईकांनी सातपुड्यात इंग्रजांशी लढा दिला. त्यांच्याविषयी आपण आज जे लिहितो त्याचा मोठा भाग इंग्रजांच्या दप्तरातून आणि १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधून येतो, कारण दुसऱ्या बाजूचे कोणी तेव्हा टिपून ठेवलेच नाही. त्यांची जयंती-पुण्यतिथी तुम्ही महाविद्यालयात साजरी करता, चांगलेच आहे.

आमच्या मागण्या अशा :

हमीपत्र मागे घ्यावे. त्याऐवजी केंद्रप्रमुख, गाइड आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सहीची जोखीम-टिपणी सिनॉप्सिससोबत घ्यावी आणि दर सहा महिन्यांच्या सादरीकरणात ती तपासावी.

मुलाखतदारांची नावे कोणत्याही स्वरूपात मागू नयेत. याआधी कोणी दिली असतील तर ती पाने विद्यार्थ्याला परत करावीत आणि स्कॅन पुसल्याचे लेखी द्यावे. ज्यांचा प्रबंध अशा परिशिष्टासह शोधगंगेवर गेला आहे त्यांच्यासाठी केंद्राने स्वतः पत्रव्यवहार करावा.

तिन्ही जिल्ह्यांची मिळून एक नीतिमत्ता समिती असावी. प्रत्येक महाविद्यालयाला वेगळी परवडणार नाही. तीत फौजदारी वकील, मनोविकारतज्ज्ञ आणि आदिवासी भागात काम केलेली एक व्यक्ती असावी, आणि अर्जावर ३० दिवसांत निर्णय द्यावा. भिजत घोंगडे नको.

नोटीस किंवा समन्स आले तर पहिल्या दिवशी विद्यार्थ्यासोबत कोण जाणार, वकिलाचे पैसे कोण देणार, हे नावानिशी आणि पदानिशी जाहीर करावे.

संगणक, सिम, रजिस्टर आणि क्षेत्रभेटीचा अपघात विमा यांची तरतूद पुढच्या अंदाजपत्रकात व्हावी. संकेतस्थळावरचे पत्ते आणि फोन मात्र या आठवड्यात काढावेत.

पुढच्या संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीपूर्वी लेखी उत्तर मिळावे. तोवर आमच्यातले विद्यार्थी हमीपत्राशिवाय आणि यादीशिवाय आपले सहामाही अहवाल सादर करतील आणि गाइड त्यावर सह्या करतील. अहवाल त्या कारणाने परत केला तर कारण लेखी द्यावे.

या पत्राची सह्यांसह प्रत संबंधित केंद्रप्रमुखांना हातपोच दिली आहे. इथे नावे छापलेली नाहीत, कारण आमच्यातले तिघे सध्या क्षेत्रभेटीवर आहेत.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील या विषयाचे मार्गदर्शक, शिक्षक आणि संशोधक विद्यार्थी